नारिंगी गर्दीसोबत युरो : डच संघामागे फिरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, जवळ आली की तेच ते प्रश्न येऊ लागतात. काही नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींचे, काही भारतातून सुट्टी काढून यायचा बेत करणाऱ्यांचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक 2024च्या जर्मनीतल्या स्पर्धेची आहेत, कारण पुरुषांच्या स्पर्धांत ती सर्वांत ताजी आहे. 2028ला काय वेगळं असेल ते प्रश्न 12 मध्ये आहे.

माझं मत आधीच सांगतो. तिकीट मिळालं तरच जायचं असं ठरवलंत, तर या गर्दीचा सर्वांत सुंदर भाग तुमच्या हातून जाईल. तो स्टेडियमबाहेरच्या रस्त्यावर असतो.

1. ‘ओरान्ये’ म्हणजे कोण? संघ की प्रेक्षक?

दोन्ही. डच लोक राष्ट्रीय संघाला ओरान्ये म्हणतात आणि त्यामागे फिरणाऱ्या गर्दीला ओरान्ये लेजिओन, म्हणजे नारिंगी फौज. या फौजेत भरती वगैरे काही नसते. नारिंगी कपडे घालून रस्त्यावर आलात की तुम्ही तिच्यातले झालात, मग पासपोर्ट कुठलाही असो. संघाचा कारभार पाहणाऱ्या डच फुटबॉल संघटनेचं नाव केएनव्हीबी. ती 1889 सालची आहे. तिकिटांच्या संदर्भात हे नाव पुन्हा पुन्हा लागेल.

2. झेंडा तर लाल-पांढरा-निळा आहे. मग सगळे नारिंगी का घालतात?

राजघराण्यामुळे. सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाविरुद्ध उठावाचं नेतृत्व करणारा विल्यम हा ऑरेंज संस्थानाचा राजपुत्र होता. आजचं राजघराणं ऑरेंज-नासाउ म्हणूनच ओळखलं जातं. उठावाच्या काळातल्या झेंड्यातही वरचा पट्टा नारिंगी होता, तो पुढे लाल झाला. दर वर्षी 27 एप्रिलला राजाच्या वाढदिवशी सगळा देश याच रंगात असतो, त्यामुळे प्रत्येकाच्या कपाटात नारिंगी काहीतरी असतंच.

3. पुरुष संघ युरो फक्त एकदा जिंकला आहे. तरी एवढे लोक मागे का फिरतात?

ते ‘एकदा’ कसं घडलं हे कळलं की बरंच उलगडतं.

1988ची स्पर्धा पश्चिम जर्मनीत होती. डच संघ पहिलाच सामना कोलोनमध्ये सोव्हिएत संघाकडून 0-1 असा हरला. मग ड्युसेलडॉर्फला मार्को व्हॅन बास्टेनने तीन गोल करून इंग्लंडला हरवलं, आणि आयर्लंडविरुद्ध अगदी शेवटाकडे विम कीफ्टच्या हेडरमुळे संघ कसाबसा पुढे गेला. 21 जूनला हॅम्बुर्गमध्ये उपांत्य सामना यजमान जर्मनीशी. 1974च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात याच जर्मनीने योहान क्रायफच्या संघाला म्युनिकमध्ये हरवलं होतं. त्याहून जुनी जखम दुसऱ्या महायुद्धातल्या पाच वर्षांच्या जर्मन ताब्याची. जर्मनीने पेनल्टीवर आघाडी घेतली, रोनाल्ड कोमनने पेनल्टीवरच बरोबरी केली आणि 88व्या मिनिटाला व्हॅन बास्टेनने विजयी गोल मारला. त्या रात्री नेदरलँड्समधल्या गावागावांत लोक रस्त्यावर आले. ज्यांनी ती रात्र पाहिली ते आजही अंतिम सामन्यापेक्षा तिच्याबद्दलच आधी बोलतात.

चार दिवसांनी म्युनिकमध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध 2-0. पहिला गोल कर्णधार रुड गुलिटचा. दुसरा व्हॅन बास्टेनचा, आर्नोल्ड म्युरेनच्या लांब उंच पासवर, जवळजवळ अशक्य कोनातून मारलेली व्हॉली. अॅमस्टरडॅममध्ये कालव्यांतून संघाची मिरवणूक निघाली तेव्हा लोक हाउसबोटींच्या छतांवर चढले आणि काही बोटींचं नुकसानही झालं.

त्यानंतर पुरुष संघाने काही जिंकलेलं नाही. पण जिंकणं ही या गर्दीची अट कधीच नव्हती. आजोबांनी हॅम्बुर्ग पाहिलं, वडिलांनी बर्न पाहिलं (प्रश्न 5), आता नात निघाली आहे. ही चाल घराघरांतून पुढे आली आहे.

4. फॅनवॉक म्हणजे नक्की काय? त्यात कसं सामील व्हायचं?

सामन्याच्या दिवशी यजमान शहरातला एखादा चौक किंवा बाग डच प्रेक्षकांसाठी ठरलेली असते. सकाळपासून तिथे लोक जमतात, गाणी चालू असतात. सामन्याच्या काही तास आधी सगळे मिळून स्टेडियमकडे चालत निघतात. पुढे नारिंगी रंगाची जुनी डबल-डेकर बस, तिच्यावर ध्वनिक्षेपक, मागे रस्ता भरून माणसं. रस्ता पोलिसांनी बंद केलेला असतो. शहरातले लोक खिडक्यांत आणि गॅलऱ्यांत उभे राहून हात हलवतात आणि खालची गर्दी त्यांनाही नाचायला लावते. 2024ला हॅम्बुर्ग, लाइपझिग, बर्लिन, म्युनिक, डॉर्टमुंड, जिथे जिथे संघ खेळला तिथे हे झालं.

नावनोंदणी नाही, पैसे नाहीत. जमण्याची जागा आणि वेळ केएनव्हीबी आणि प्रेक्षकांचे गट समाजमाध्यमांवर जाहीर करतात, ती आदल्या दिवशी पुन्हा तपासा. जमण्याच्या वेळेला पोचा, निघायच्या वेळेला नव्हे. उशिरा पोचलात तर तुम्ही शेपटाला असता आणि बसचं संगीत तिथे ऐकू येत नाही.

अंतर काही किलोमीटरचं असतं, पण वेग अगदी मंद. जूनच्या उन्हात दोन तास उभं राहून चालायची तयारी हवी. टोपी, पाणी आणि पायाला सवयीचे बूट. नवे बूट त्या दिवशी घालू नका.

5. तिकीट नसेल तर एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. चालणाऱ्यांपैकी कित्येकांकडे तिकीट नसतं. ते स्टेडियमपर्यंत चालतात, आत जाणाऱ्यांना निरोप देतात आणि परत येऊन मोठ्या पडद्यावर सामना पाहतात.

याचं सर्वांत मोठं उदाहरण 2008चं बर्न. डच संघाचे गटातले तिन्ही सामने स्वित्झर्लंडच्या या राजधानीत होते. स्टेडियममध्ये जागा तीस हजारांच्या आसपास, आणि शहरात आलेले डच लोक त्याच्या कितीतरी पट. फ्रान्सविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी तर बर्नच्या लोकसंख्येशी बरोबरी करणारी गर्दी झाली होती. जुन्या शहरातल्या कमानींखाली, आरे नदीच्या काठाने, जिकडे पाहावं तिकडे नारिंगी. मैदानावर संघाने जगज्जेत्या इटलीला 3-0 आणि विश्वचषकाचा उपविजेता फ्रान्सला 4-1 असं हरवलं. बर्नच्या रहिवाशांनी पाहुण्यांना इतकं आपलंसं केलं की ते दिवस आजही तिथे आठवले जातात. त्यांतल्या बहुतेक पाहुण्यांनी स्टेडियमचं दारही ओलांडलं नव्हतं.

अपवाद एकच: लहान मुलांना ‘मॅच बघायला जाऊ’ असं सांगून नेऊ नका. दारातून परत फिरणं त्यांना फार लागतं.

6. तिकीट मिळवायचा सरळ मार्ग कोणता?

दोन मार्ग आहेत. पहिला, स्पर्धा भरवणाऱ्या युएफाची, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाची, स्वतःची विक्री. स्पर्धेच्या बऱ्याच महिने आधी अर्ज मागवतात आणि मागणी जास्त असल्यामुळे सोडत काढतात. दुसरा, प्रत्येक देशाच्या संघटनेला मिळणारा कोटा. डच कोट्यात केएनव्हीबीच्या सपोर्टर्स क्लबच्या सदस्यांना आधी संधी मिळते, म्हणून नेदरलँड्समध्ये राहत असाल तर सदस्यत्व स्पर्धेच्या पुष्कळ आधी घ्या. गटवारी जाहीर झाल्यावर सगळेच धावतात.

किमतींचा अंदाज यावा म्हणून सांगतो: 2024ला गटातल्या बहुतेक सामन्यांची सर्वांत स्वस्त तिकिटं 30 युरोची होती, त्यावरच्या वर्गांत 60, 150 आणि 200.

तिकिटं मोबाइल अॅपवर येतात. कोणाला यायला जमलं नाही तर ती युएफाच्या अधिकृत पुनर्विक्रीत परत जातात, आणि सामन्याच्या आदल्या आठवड्यात तिथे वारंवार पाहत राहणाऱ्यांना खरोखर मिळतात. स्टेडियमबाहेर कागदावर छापलेलं तिकीट विकणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

7. पुढचा सामना कुठे होणार हे माहीत नसताना हॉटेल आणि रेल्वे कशी ठरवायची?

गटातले तीन सामने आधीच ठरलेले असतात, ते बिनधास्त करा. गोंधळ होतो तो बाद फेरीत. 24 संघ, सहा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सहा संघांपैकी चार. तिसऱ्या क्रमांकाने गेलात तर पुढचं शहर दुसऱ्या गटांच्या निकालांवर ठरतं.

2024ला नेमकं हेच झालं. 25 जूनला बर्लिनमध्ये ऑस्ट्रियाकडून 2-3 अशी हार झाली आणि संघ गटात तिसरा आला. पुढचा सामना म्युनिकमध्ये रुमानियाशी आहे हे दुसऱ्या दिवशी उरलेले गट संपल्यावर कळलं. ज्यांनी ‘गटात पहिले येऊ’ असं धरून परतावा न मिळणारी बुकिंग केली होती, त्यांचे पैसे गेले. म्हणून बाद फेरीसाठी रद्द करता येणारं हॉटेलच घ्या, थोडं महाग पडलं तरी. किंवा कॅम्पिंगचा विचार करा, प्रश्न 13 पाहा.

शहरातल्या प्रवासाचा खर्च मात्र कमी असतो. 2024ला सामन्याच्या तिकिटासोबत यजमान शहरातल्या सार्वजनिक वाहतुकीचा 36 तासांचा पास मिळत होता.

8. ते ‘डावीकडे-उजवीकडे’ काय असतं? मला नाचता येत नाही.

नाचता येण्याची गरजच नाही. ‘लिंक्स रेख्त्स’ हे 2015चं ब्राबांट प्रांतातलं पार्टी-गाणं आहे. नाव आणि कृती एकच: गाणं सांगेल तेव्हा सगळे डावीकडे उड्या मारत जातात, मग उजवीकडे. हजारो माणसं रस्ताभर एकदम हलली की दृश्य विलक्षण दिसतं. 2024ला त्याची चित्रणं जगभर पोचली.

हे गाणं ब्राबांटचं असणं योगायोग नाही. देशाच्या दक्षिणेकडचे ब्राबांट आणि लिंबुर्ग हे प्रांत कार्निव्हलचे. रंगीत वेश, बँड, रस्त्यावरचं सामूहिक गाणं, हे तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये दर वर्षी होतंच. नारिंगी गर्दीचा स्वभाव मला तरी तिथलाच वाटतो, अॅमस्टरडॅमचा नव्हे.

दोन सूचना. शेजाऱ्यांकडे पाहून दिशा धरा, नाहीतर धक्का बसतो. आणि पुलावर किंवा तात्पुरत्या स्टँडवर थांबा म्हटलं की थांबा. 2021ला नायमेखनच्या स्टेडियममध्ये पाहुण्या संघाचे प्रेक्षक उड्या मारत असताना स्टँडचा भाग खाली बसला होता. सुदैवाने कोणी गंभीर जखमी झालं नाही.

9. डच येत नाही. गर्दीत काय म्हणू?

‘हुप हॉलंड हुप’ एवढं आलं तरी चालतं. ही घोषणा 1950च्या गाण्यातली आहे. खरं तर हॉलंड हे नाव देशाच्या बारापैकी दोन प्रांतांचं, पण घोषणेत ते कोणाला खटकत नाही, लिंबुर्गच्या माणसालाही नाही.

राष्ट्रगीताला, ‘विल्हेल्मुस’ला, उभे राहा आणि शांत राहा. जगातल्या सर्वांत जुन्या राष्ट्रगीतांत त्याची गणना होते. अधिकृत मान्यता मात्र 1932ची. शब्द येत नसतील तर ओठ हलवायची गरज नाही. सोबतचे डच लोकही ते वेगवेगळ्या सुरांत गातात, पण मनापासून.

10. काय घालू? नारिंगी फेटा चालेल का?

चालेल आणि लोकांना फार आवडेल. फोटोसाठी थांबावं लागेल याची तयारी ठेवा. बांधता येणारं कोणी सोबत असू द्या, कारण उड्या मारताना तो सुटतो. संघाचा अधिकृत टीशर्ट महाग असतो आणि त्याची सक्ती कोणी करत नाही. रंग जुळला म्हणजे झालं.

सावध राहायच्या तीन गोष्टी आहेत.

एक, स्टेडियममध्ये राजकीय किंवा धार्मिक मजकूर, चिन्ह, झेंडा चालत नाही. साध्या फेट्याला कोणी हरकत घेणार नाही, पण त्यासोबत तसा ध्वज नेलात तर दारात काढून घेतील आणि वाद घालून उपयोग नाही. मोठी बॅगही नको. 2024ला ए-4 कागदाहून मोठी बॅग आत नेता येत नव्हती.

दोन, जाहिरातीचे कपडे. 2006च्या विश्वचषकात एका डच बिअर कंपनीने ग्राहकांना वाटलेल्या नारिंगी तुमानी स्टुटगार्टच्या स्टेडियमच्या दारात उतरवायला लावल्या गेल्या, कारण ती कंपनी स्पर्धेची प्रायोजक नव्हती. कित्येकांनी तो सामना आतल्या चड्डीवर पाहिला. फुकट मिळालेली टोपी किंवा शर्ट घालण्याआधी त्यावरचं नाव पाहा.

तीन, गुलिटचा वेश. केसांच्या बटांचा विग आणि मिशी लावून गुलिट होणं जुनं आहे. पण 2024ला काही प्रेक्षकांनी चेहरा काळा-तपकिरी रंगवला, त्यावर टीका झाली, आणि केएनव्हीबीशी बोलणं झाल्यावर त्यांनी ते थांबवलं. थांबवलं ते योग्यच केलं. या संघात गुलिटसारख्या, सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीत मुळं असलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंची परंपरा आहे, त्यांच्या कातडीचा पोशाख करू नये.

11. माझा पासपोर्ट भारतीय आहे. नेदरलँड्सहून शेजारच्या देशात सामन्याला जाताना काय लागतं?

डच रहिवास परवाना असेल तर शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत एरवी सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत जाता येतं. पण परवाना आणि वैध पासपोर्ट, दोन्ही मूळ प्रती सोबत हव्यात. ‘शेंगेनमध्ये कोणी विचारत नाही’ यावर विसंबू नका. 2024ला स्पर्धेच्या काळात जर्मनीने सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली होती आणि रेल्वेतही कागद पाहिले जात होते. डच मित्र ओळखपत्रावर निघतात म्हणून आपणही तसं निघायचं नाही.

भारतातून येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. संघ डच आहे म्हणून डच दूतावासाकडे नव्हे. स्पर्धा जर्मनीत आणि मुक्काम जर्मनीत, तर अर्ज जर्मनीकडे.

12. 2028ची युरो ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आहे. तेव्हा काय बदलतं?

जवळजवळ सगळं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड प्रजासत्ताक, चौघेही शेंगेनबाहेर. डच परवान्यावर भारतीय पासपोर्टधारकाला तिथे जाता येणार नाही, ब्रिटनचा व्हिसा लागेल. डब्लिनमध्येही सामने आहेत, त्यासाठी आयर्लंडचा वेगळा. भारतात राहून अर्ज करणाऱ्यांसाठी दोन्ही देशांची एकत्र व्हिसा योजना आहे. अर्ज करताना ती कोणत्या स्वरूपात चालू आहे ते आधी पाहा. नेदरलँड्समधून अर्ज करणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवू नये. डच पासपोर्ट असलेल्यांनाही ब्रिटनसाठी आता ईटीए ही ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. म्हणजे घरात नवरा-बायकोचे पासपोर्ट वेगवेगळे असतील तर दोघांची तयारी वेगळी.

प्रवासाला मात्र मजा आहे. आयमाउडनहून न्यूकासल, रोटरडॅमहून हल, हूक फान होलांडहून हारविच अशा रात्रीच्या बोटी जातात, आणि न्यूकासल यजमान शहरांपैकी आहे. संघाचा सामना तिथे पडला तर ती बोट नारिंगी झालीच म्हणून समजा.

13. राहायचं कुठे? डच लोक खरंच कॅरॅव्हॅन घेऊन येतात का?

हो. कॅरॅव्हॅन हा डच उन्हाळ्याचाच भाग आहे, आणि स्पर्धेच्या शहरांजवळ नारिंगी कॅम्पिंग उभं राहतं. स्वतःची कॅरॅव्हॅन नसली तरी तंबू चालतो. हॉटेलपेक्षा स्वस्त, आणि सकाळी फॅनवॉकला जायला सोबत आपोआप मिळते. झोपेची खात्री मात्र देता येत नाही. ज्यांना पुरेशी झोप हवीच असते त्यांनी रेल्वेने तासाभराच्या अंतरावरच्या लहान गावात खोली घ्यावी.

जर्मनीत गाडीने जात असाल तर बर्लिन, म्युनिक, लाइपझिग अशा शहरांच्या आतल्या भागात प्रदूषण-स्टिकर लागतो. तो आधी मागवा.

14. लहान मुलांना किंवा भारतातून आलेल्या आईबाबांना नेता येईल का?

फॅनवॉकमध्ये खांद्यावर बसलेली मुलं भरपूर दिसतात. मुलांना कानावर लावायचे रक्षक द्या आणि मनगटावर फोन नंबर लिहा. बाबागाडी मधल्या गर्दीत अडकते, कडेने चाला. ज्येष्ठांसाठी माझा सल्ला वेगळा: त्यांना सकाळी जमण्याच्या चौकात न्या, संगीत आणि वेश बघू द्या, आणि गर्दी निघायच्या आधी कॅफेत बसवा. बस समोरून जाते, त्यांना सगळं दिसतं आणि पाय दुखत नाहीत.

15. शाकाहारी माणसाचं खाण्याचं काय?

बटाट्याच्या फ्राइज सगळीकडे. डच स्टॉल असेल तर काससुफ्ले मागा: चीज भरलेला, तळलेला, खुसखुशीत चौकोन. बिटरबॉल आणि फ्रिकांडेल सहसा मांसाचे असतात. नारिंगी आयसिंगचा तोंपूस केक दिसेल, पण त्याच्या क्रीममध्ये जिलेटिन असू शकतं. जर्मनीत फलाफेल आणि ब्रेझेल मिळतात. तिथे कित्येक छोटे स्टॉल फक्त रोख घेतात. एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर 25 सेंट अनामत असते, त्यामुळे रिकाम्या बाटल्या जमवणारी माणसं गर्दीत फिरतात. बाटली फेकण्यापेक्षा त्यांच्या हाती द्या.

16. भांडणं होतात का? जर्मनांशी वैर आहे म्हणतात.

प्रश्न 3 मधलं वैर 1988 आणि त्यानंतरच्या काही वर्षांचं. आजच्या पिढीत ते चेष्टेपुरतं उरलं आहे. 2024ला जर्मन शहरांत डच गर्दीचं ज्या मोकळेपणाने स्वागत झालं, ते हॅम्बुर्गची जुनी रात्र आठवणाऱ्यांना डोळ्यांत पाणी आणणारं होतं.

एक गोष्ट मात्र खरी आहे. डच क्लब फुटबॉलमध्ये वैर कडवं आहे. आयाक्स आणि फायनोर्डच्या सामन्यांना 2009पासून पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना प्रवेशच नाही. तेच लोक राष्ट्रीय संघामागे खांद्याला खांदा लावून चालतात. म्हणून क्लबचे स्कार्फ घरी ठेवा. संध्याकाळी दारू चढलेल्या टोळक्यात बाटल्या उडताना दिसल्या तर बघत उभे राहू नका, दुसऱ्या गल्लीने निघा.

17. माझी जागा प्रतिस्पर्ध्यांच्या प्रेक्षकांत आली तर?

सर्वसाधारण विक्रीतून घेतलेल्या तिकिटात हे होऊ शकतं. 2024ला बर्लिनमध्ये तुर्कस्तानविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना याचं उत्तम उदाहरण. शहरात तुर्की वंशाची मोठी वस्ती असल्याने स्टेडियममध्ये आवाज तुर्कस्तानचाच होता, आणि पिछाडीवरून 2-1 असा विजय मिळेपर्यंत नारिंगी भाग दबलेला होता. अशा ठिकाणी रंग घालायला हरकत नसते, पण गोल झाल्यावर शेजाऱ्याच्या तोंडावर ओरडू नये. प्रतिस्पर्ध्यांच्या राखीव भागातलं तिकीट असेल तर नारिंगी घालून आत सोडत नाहीत. तिकिटावर भागाचं नाव असतं, घेतानाच वाचा.

18. संघ हरला की लोक काय करतात?

गातात, मग गप्प होतात, मग घरी जातात. हरण्याची यादी मोठी आहे. 2000ला स्वतःच्या देशात, अॅमस्टरडॅममध्ये, इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शूटआउटमध्ये आणखी तीन. 2008ला बर्नच्या त्या आठवड्यानंतर बासेलमध्ये रशियाने 3-1 असं बाहेर काढलं, तेही खूस हिडिंक या डच प्रशिक्षकाच्या हाताखाली. 2024ला डॉर्टमुंडमध्ये इंग्लंडच्या ऑली वॉटकिन्सने अगदी शेवटच्या क्षणी गोल केला.

पण मी सांगेन ते 2012चं. तिन्ही सामने युक्रेनमधल्या खारकिव्हमध्ये, आणि तिन्ही हरले: डेन्मार्क, जर्मनी, पोर्तुगाल. गाडीने हजारो किलोमीटर आलेल्या लोकांनी तरीही तिथल्या भव्य स्वातंत्र्य चौकात आनंद पसरवला, शहरवासीयांना नाचवलं, आणि शहरानेही त्यांना घरच्यासारखं वागवलं. 2022ला त्याच चौकावर क्षेपणास्त्र पडल्याची बातमी आली, तेव्हा तिथे नाचून आलेल्या माणसांना ती कुठल्याशा दूरच्या गावाची बातमी वाटली नाही.

19. संघ पात्रच ठरला नाही तर?

झालेलं आहे. 2016ला स्पर्धा पहिल्यांदाच 24 संघांची झाली आणि तरी नेदरलँड्स नव्हता. त्या उन्हाळ्यात रस्ते रिकामे होते. म्हणून पात्रता निश्चित होईपर्यंत काहीही बुक करू नका.

20. महिला संघामागेही असंच फिरता येतं का?

नक्की फिरा. 2017ची महिला युरो नेदरलँड्समध्येच झाली. सरिना वीखमन प्रशिक्षक, लीके मार्टेन्स आणि व्हिव्हियान मिडेमा आघाडीला. युट्रेख्टमध्ये नॉर्वेविरुद्ध 1-0 ने सुरुवात झाली आणि एनस्खेडेमध्ये डेन्मार्कला 4-2 हरवून संघ विजेता ठरला. संघाच्या छातीवरचा सिंह तेव्हा सिंहीण झाला. त्यांच्या फॅनवॉकमध्ये मुली जास्त, कुटुंबं जास्त, आणि तिकिटं पुरुषांच्या मानाने फार स्वस्त. पहिल्यांदा जाणाऱ्या, मुलं असलेल्या घरांना मी हीच स्पर्धा सुचवतो.

21. या संघातून भारतीय मुळांचं कोणी खेळलं आहे का?

हो. 1873पासून कोलकात्याहून मजूर म्हणून सुरिनामला नेलेल्या हिंदुस्तानी लोकांचे वंशज आज नेदरलँड्समध्ये, विशेषतः द हेगमध्ये, मोठ्या संख्येने राहतात. आरोन विंटरची मुळं त्या समाजात आहेत. तो 1988च्या विजेत्या चमूत होता आणि 2000पर्यंत खेळला, एकूण 84 सामने. लुसियानो नारसिंग 2012च्या युरो संघात होता. फॅनवॉकमध्ये कोणी जुन्या वळणाच्या हिंदीत तुमच्याशी बोललं तर ते बहुधा याच समाजातले असतील.

22. प्रवास जमणार नाही. नेदरलँड्समध्येच राहून काय बघू?

द हेगमधली मार्कटवेग ही गल्ली. तिथले रहिवासी दर स्पर्धेला सबंध रस्ता पताका, झेंडे आणि कापडांनी झाकून टाकतात. गल्लीत जायला पैसे नाहीत, पण ती लोकांची घरं आहेत, खिडकीतून आत डोकावू नका. सामना तुमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांसोबत बघा. टीव्ही बाहेर काढून खुर्च्या मांडल्या जातात. बोलावणं आलं नसेल तर एक थाळी भजी घेऊन स्वतः जा.

23. भारतातून सामने किती वाजता बघायचे?

उन्हाळ्यात मध्य युरोप भारताच्या साडेतीन तास मागे असतो. तिथले तीनचे सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, सहाचे रात्री साडेनऊला आणि रात्री नऊचे मध्यरात्री साडेबाराला. 2028ला ब्रिटन आणि आयर्लंड साडेचार तास मागे असतील, म्हणजे तिथला रात्री आठचा सामना आपल्या साडेबाराला. मध्यरात्रीनंतरचा सामना आपल्या तारखेने पुढच्या दिवशी येतो, तेव्हा सुट्टी टाकताना वेळापत्रकातली तारीख एकने पुढे मोजा. आणि बाद फेरीत जादा वेळ व शूटआउट धरून पहाटे सव्वातीनपर्यंत जागायची तयारी ठेवा.